बाबा, तुम्ही आधी कुठे बघता?

साउथॅम्प्टन, ९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलं, "पोरी, तिथं होडीवर तू नेमकं करतं काय?" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहिते. वेचणीतून सवड मिळाली की आईलाही वाचून दाखवा.

होडी चालवताना माणसाची नजर कुठं जाते, ते आम्ही मोजतो. आमच्या प्रयोगाच्या खोलीत शिडाची एक खरी होडी आहे. सव्वाचार मीटर लांब, एकट्यानं चालवायची, ऑलिंपिकमध्ये असते ती. २०२१ साली टोकियोत आपली नेत्रा कुमनन असल्याच होडीवर उतरली होती. या खेळात ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला.

आमची होडी मात्र लोखंडी सांगाड्यावर बसवलेली. समोर पडदा, पडद्यावर समुद्र. संगणकानं वाऱ्याचा खोटा झोत सोडला की होडी कलते. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाचा दोर, आणि अंग बाहेर झोकून तोल धरायचा. खऱ्या पाण्यावर दोघांच्या वाट्याला सारखा झोत कधीच येत नाही. इथं सगळ्यांना तोच झोत, त्याच क्षणी देता येतो.

चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असतो. त्यातले बारीक दिवे डोळ्यावर न दिसणारा अवरक्त उजेड टाकतात आणि कॅमेरे बाहुली कुठं वळली ते टिपतात. उन्हातही हा उजेड असतो, म्हणून बाहेर मोजणं अवघड जातं. पहिल्या दिवशी मीच चष्मा घालून बसले, तर कॅमेऱ्याला बाहुली सापडेना. आजीनं दिलेलं काजळ! पुसलं, तेव्हा सापडली.

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. एकदम स्पष्ट दिसतं ते जवळपास तेवढ्याच जागेत. बाकी सगळं पुसट. म्हणून नजर सेकंदाला दोन-तीनदा उड्या मारते, आणि ती कुठं टेकवायची हेच खरं कसब. नवख्याची नजर होडीतच अडकते: दोर, दांडा, आपलेच पाय. जाणत्याची शिडावरच्या लोकरीच्या धाग्यांवर जाते, लगेच पुढच्या पाण्यावर. जिथं पाणी काळपट, बारीक सुरकुत्यांचं दिसतं तिथून झोत येतोय. तो पोचायच्या आधीच हात दोरावर तयार असतो.

हे पडद्यावर बघताना मला आपलं खळं दिसतं, बाबा. तिवईवर उभे राहून तुम्ही उफणायचे, तेव्हा सुपाकडे तुमचं लक्षच नसायचं. धुऱ्यावरच्या बाभळीचा शेंडा हलला की हात वर जायचा. मी सूप भरून द्यायची, आणि वारा यायच्या आधी तुम्हाला कसा कळतो याचं मला नवल वाटायचं.

एक गोष्ट आमच्या यंत्रात नाही. खोलीत अंगाला वारा लागत नाही. इथले जुने खलाशी सांगतात, वारा फिरला की आधी गालाला आणि मानेला कळतं. चष्म्याला ते टिपता येत नाही. नजर टेकली तिथं ध्यान होतंच, असंही नाही. मला वाटतं, तुम्हालाही निम्मं कानाच्या पाळीनंच कळत असेल. खरं काय ते कळवा.

जानेवारीत तुरीचं खळं लागलं की दादाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. दाण्यांचा नको, तुमच्या चेहऱ्याचा, जवळून. मला तुमचे डोळे बघायचेत.

तुमची लेक