ग्रंथालयाची पुढची दहा वर्षं: मित्रास पत्र

ताळगाव, गोवा

प्रिय मधू,

तुझ्या पत्राला उत्तर लांबलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायच्या समितीवर मला घेतलंय आणि सध्या डोक्यात दुसरं काही शिरतच नाही. तुझ्याकडे त्यासंबंधी एक मागणंही आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

समितीतलं बोलणं सुरू होतं ते ई-जर्नलांपासून. साहजिक आहे, विज्ञानातली आमची मुलं त्यांच्यावरच तर काम करतात. पण ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना आल्यापासून त्या प्रश्नाची किल्ली बरीचशी दिल्लीत गेलीय. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी केंद्राने ६,००० कोटी मंजूर केले, ३० प्रकाशकांची १३,००० च्या आसपास जर्नलं सगळ्या सरकारी विद्यापीठांना सारखीच. गडचिरोलीतल्या मुलीला जे वाचायला मिळतं तेच आमच्या मुलीला. मला याचा मनापासून आनंद आहे. (वर्गणी थांबली की जर्नलंही थांबतात, हे मात्र मी प्रत्येक बैठकीत सांगतो.) पण जे सगळीकडे मिळतं त्यासाठी कोणी हे पठार चढून आमच्याकडे का यावं?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. दुसरीकडे कुठेही नाही ते आधी जपा आणि ते वाचता येणारी माणसं तयार करा. बाकीचं मागून.

गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबींचा वैयक्तिक ग्रंथसंग्रह आमच्याकडे आहे, गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचाही. कोसंबींच्या पुस्तकांत समासाला त्यांच्या हातच्या नोंदी आहेत. तेच पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयात मिळेल, विकतही मिळेल; तो समास नाही मिळायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती तरी वेळ पान उलटवावंसंच वाटलं नाही.

आणि गोव्यातल्या घराघरांत अजून किती पडलंय! परवा फोंड्याकडच्या एका घरातून आजोबांच्या वह्या दाखवायला आणल्या होत्या. देवळाच्या उत्सवात गावचीच मंडळी मराठी नाटकं करायची, त्यांतल्या प्रॉम्प्टरची ही वही. गाळलेल्या प्रवेशांवर निळ्या शाईच्या आडव्या रेघा, पदांच्या बाजूला रागांची नावं, एका पानावर तेलाचा डाग आणि कडेला पेट्रोमॅक्सच्या भाड्याचा हिशेब. खालच्या कोपऱ्यात कसरीने जाळी केलेली. त्याच गाठोड्यात देवस्थानच्या जमाखर्चाचे मोडीतले कागद होते. घरात आज एकालाही ते वाचता येत नाहीत, पण टाकून द्यायचा धीर होत नाही म्हणून राहिलेत. नात विचारत होती, “सर, ह्यात आमच्या घराचं काही असेल का?” मला मोडी अडखळत लागते. दोन-चार नावं लागली, तेवढ्यानेही तिचा चेहरा उजळला.

असे कागद सांभाळायचे तर पहिला शत्रू इथली हवा. आपला पाऊस तुला माहीत आहे. कागदाला आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास मानवते. पासष्टच्या वर गेली की बुरशी धरते आणि जून-जुलैत आमच्याकडे ती ऐंशीच्या खाली क्वचितच येते. दिवसा एसी, रात्री बंद, असं केलं तर कागद रोज फुगतो नि आकसतो, ते अधिकच वाईट. म्हणून दुर्मीळ संग्रहाच्या एका खोलीत चोवीस तास डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, आणि त्याला जनरेटरची जोड, हे मी आराखड्यात वरच्या ओळीत लिहिलंय. मोठ्या इमारतीपुढे हा खर्च काहीच नाही.

स्कॅनिंगवर सगळ्यांचं एकमत आहे, ते होईलही. मला काळजी त्याच्या पुढची. मोडीतला कागद स्कॅन करून सर्व्हरवर टाकला आणि त्यात काय आहे हे कोणी वाचून लिहिलंच नाही, तर तो शोधणाऱ्याला सापडणार कसा? गाव, साल, कुळाचं नाव, कसला व्यवहार, एवढं तरी नोंदवायला हवं, आणि त्यासाठी ते हस्ताक्षर वाचता येणारा माणूस हवा. पोर्तुगीज कागदांचंही तेच. वाचणारी पिढी म्हातारी होत चाललीय रे, मधू. यंत्र पुढच्या वर्षी घेता येईल. ही माणसं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. म्हणून दोन कायम पदं आणि दरवर्षी विद्यार्थ्यांसाठी मोडीचा वर्ग, यावर मी अडून बसलोय. एक जण म्हणाले, “ही कामं कंत्राटावर देता येतील.” मी म्हटलं, कंत्राट संपलं की शिकलेलं सगळं माणसाबरोबर निघून जातं. अजून निर्णय नाही, पण दोघं-तिघं माझ्या बाजूला आलेत.

आता मागणं. तू इतकी वर्षं ठाण्यात मोडी शिकवतोयस. दिवाळीनंतर, हवा जरा कोरडी झाली की, दहा दिवस इथे येशील? इतिहास आणि मराठीची मुलं जमवायचं माझ्याकडे लागलं. खरे कागद त्यांच्यापुढे ठेवू, फोंड्याची मंडळीही द्यायला तयार आहेत. एक वर्ग चांगला झालेला दाखवता आला तर पदांसाठी भांडायला मला बळ येईल. राहायला आमच्याकडेच. कोकणकन्येने करमळीला उतर, मी घ्यायला येतो.

तारखा लवकर कळव, पुढच्या बैठकीआधी त्या कागदावर घालायच्यात. येताना तुझे सरावाचे तक्ते आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक