स्कूटर, पेट्रोल आणि माझा निबंध

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, बी.कॉम. झालेल्या, दोन पोरांच्या आईला निबंधाचा तास कशाला हवा, असं तुम्ही फोनवर विचारलंत. सरळ उत्तर असं की नर्सिंगला जायचं तर इथल्या कम्युनिटी कॉलेजात इंग्लिश कॉम्पोझिशन घ्यावंच लागतं. हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना असा विषय सक्तीचा केला आणि पुढे देशभर ती रीत पडली. वर्गातली पोरं अठरा-एकोणीसची आहेत आणि मला नुसत्या नावाने हाक मारतात. आई, तुला हे आवडणार नाही.

पण हा तास तुम्ही शाळेत घ्यायचात तसा नाही. 'विज्ञान: शाप की वरदान' लिहिताना आम्ही अर्धं पान शापाला, अर्धं वरदानाला द्यायचो आणि शेवटी 'वापरणाऱ्यावर अवलंबून' म्हणून सुटायचो. तुम्ही त्यालाही भरघोस मार्क द्यायचात! इथे बाजू घ्यावी लागते, आणि घेतलेली बाजू पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

मी विषय घेतला पेट्रोलचा. तुम्ही आला होतात तेव्हा पंपावरचा माणूस पेट्रोल भरायला आला आणि तुम्ही म्हणालात, हे तर आपल्या साताऱ्यासारखंच. तसं अमेरिकेत फक्त आमच्या न्यू जर्सीत आहे. इथे गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला १९४९ च्या कायद्याने बंदी आहे. ऑरेगनमध्येही अशी बंदी १९५१ पासून होती, ती २०२३ मध्ये उठली. आता हे एकच राज्य उरलंय. कायद्यात कारण सुरक्षिततेचं दिलंय, आगीची भीती वगैरे. मी लिहिलं की बाकीच्या राज्यांत कोट्यवधी लोक रोज स्वतः पेट्रोल भरतात, तेव्हा मोठ्या माणसांना काय झेपतं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. बंदी उठवा.

पहिला खर्डा गटातल्या पोरांनी वाचला. आमच्यातला एक मुलगा संध्याकाळी पंपावर काम करतो. त्याने समासात लिहिलं, 'जानेवारीत बर्फ पडतं तेव्हा माझी म्हातारी गिऱ्हाइकं काच चार बोटं खाली करून पैसे देतात. ती कुठे आहेत तुझ्या निबंधात?' बाईंनी एकही स्पेलिंग सुधारलं नाही. माझ्या त्या 'त्यांचं त्यांना ठरवू द्या'खाली रेघ मारून फक्त विचारलं, 'हे तत्त्व तू घरीही पाळतेस का?'

बाबा, तुमची स्कूटर विका म्हणून मी तुमच्यामागे लागलेय, हे बाईंना ठाऊक नाही. मला मात्र ती स्कूटरच आठवली.

स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाचे भाग पाडले, ते आम्हाला शिकवतात. एक दावा, दुसरा त्याचा आधार, आणि तिसरं या दोघांना जोडणारं गृहीतक. वाद बहुधा या तिसऱ्यावर अडतो, कारण ते कुणी उच्चारत नाही. 'स्कूटर विकून टाका' हा माझा दावा. तुमचं वय आणि दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू हा आधार. तो तुम्हालाही मान्य आहे. मान्य नाही ते गृहीतक: धोका असेल तर माणसाचं स्वतःच्या मर्जीने जाणं-येणं थांबवावं. न्यू जर्सी हेच म्हणते तेव्हा मी तिच्याविरुद्ध पानं भरते.

आमच्याकडे नॅन्सी सॉमर्स यांचा १९८० चा एक अभ्यास वाचायला होता. त्यांनी विद्यार्थी आणि मुरलेले लेखक पुनर्लेखन कसं करतात ते ताडून पाहिलं. विद्यार्थी शब्द बदलतात, मुरलेले लेखक आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते शोधत बसतात. मी मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी एकेक ओळ लिहिली, हा इथे काय काम करतो म्हणून. दोन परिच्छेद एकच काम करत होते. खरा मुद्दा अगदी शेवटी, जाता जाता आला होता. तो वर आणला. शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायचा, तोही समोरच्याने मान डोलवावी असा, हे तुम्ही नेहमी सांगता. तसा त्या पंपावरच्या मुलाचा पक्ष मांडला. आता दावा असा आहे: स्वतः भरायची मुभा द्या, पण भरून देणारा माणूसही पंपावर ठेवा. २०२२ मध्ये अशाच धर्तीचं विधेयक इथल्या विधिमंडळात आलं होतं, पुढे सरकलं नाही. पंपाचे मालक तो पगार का देतील, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पुढच्या खर्ड्यात शोधते.

आता तुमचा पूर्वपक्ष, मला समजला तसा. स्कूटर आहे म्हणून आईची औषधं आणायला शेजाऱ्यांची मनधरणी करावी लागत नाही. रिक्षावाला आपल्या चढावर यायला कुरकुरतो. तुम्ही तिशीच्या वर वेग नेत नाही, आणि मंडईत चार माणसं भेटतात ती घरी बसून भेटणार नाहीत. बरोबर मांडलं का? राहिलं असेल ते घाला.

दावा मी सोडलेला नाही, आवळलाय. दिवसा पोवई नाका, राजवाडा, मंडई, खुशाल जा. अंधार पडल्यावर नको, कारण समोरच्या दिव्याने डोळे दिपतात हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत. हायवेला मुळीच नको. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की यावर पुन्हा बोलू.

उत्तर लिहूनच पाठवा, फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो. आणि आई, तू मागे बसतेस, तेव्हा तुझं म्हणणं वेगळ्या कागदावर लिही. बाबांच्या पत्राखाली 'आईही हेच म्हणते' एवढं आलं तर मी ते धरणार नाही.

तुमची,
चिमी