भर पावसात मंडईच्या भिंतीपाशी उभ्या राहिलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

नगरपालिकेतून तुमची बदली झाल्याचं मला कळलं तोवर निरोप समारंभ उरकला होता. समोर बोलायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र. ते जाहीर लिहितोय, कारण वारसा यादीला, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या यादीला, मी हरकत घेतली तीही जाहीरच घेतली होती. विरोध चारचौघांत करायचा आणि आभार मात्र खासगीत मानायचे, हे मनाला पटेना.

नगरपालिकेने प्रारूप यादी लावली तो दिवस आठवतो. जुनी मंडई, घड्याळाचा मनोरा, वाचनालय, दगडी हौद, आणि मंडईला लागून असलेली आमच्या ओळीतली सात घरं. गल्लीत सगळ्यांनी धसकाच घेतला. आता घरात खिळा ठोकायचा तरी परवानगी काढावी लागणार, घर विकलं जाणार नाही, असं जो तो बोलू लागला. हरकतीचा अर्ज मी लिहिला आणि सह्याही मीच गोळा केल्या.

सुनावणीला आम्ही भांडायच्या तयारीने आलो होतो. तुम्ही अर्ज हातात घेतलात, एकेक मुद्दा मोठ्याने वाचलात आणि प्रत्येकाला सरळ उत्तर दिलंत. स्वयंपाकघर नवं करता येईल? हो. आतली भिंत हलवता येईल? तुमच्या घरांची यादीतली श्रेणी पाहता, हो. रस्त्याकडची कमान पाडून तिथे शटर बसवता येईल? नाही. ते ‘नाही’ इतकं स्वच्छ होतं की त्याचा राग आला नाही. सरकारी कचेरीत ‘बघू’ ऐकायची सवय झालेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की निम्मी भीती तिथेच ओसरते.

मालकाच्या नुकसानीचं काय, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही प्रश्न उडवून लावला नाहीत. न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ मध्ये पाडायला घेतलं, शहर हळहळलं, आणि १९६५ मध्ये तिथे वारसा वास्तूंचा कायदा झाला, हे तुम्ही सांगितलंत. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या डोक्यावर उंच इमारत बांधायला त्या शहराने परवानगी नाकारली. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. तिथे न वापरलेला बांधकामाचा हक्क मालकाला जवळच्या दुसऱ्या जागेवर नेता येत होता आणि न्यायालयाने तेही विचारात घेतलं होतं, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. ‘जपणूक सगळ्यांसाठी असेल तर तिचा भार एकट्या मालकावर टाकून चालणार नाही,’ हे तुमचं वाक्य आमच्या गल्लीत अजून निघतं.

मला स्वतःला भावलं ते तुम्ही सांगितलेलं इटलीतलं बोलोन्या शहर. तिथल्या नगरपालिकेने १९७० च्या दशकात जुन्या वस्तीतल्या घरांच्या दुरुस्तीकडे सार्वजनिक घरबांधणीचं काम म्हणून पाहिलं. घरं दुरुस्त व्हावीत आणि आत राहणारी साधी माणसंही तिथेच राहावीत, हा हेतू. भिंती वाचल्या आणि माणसं गेली तर मागे नुसता देखावा उरतो. हे ऐकलं आणि मी हरकत मागे घेतली.

पण खरे आभार मानायचे आहेत ते त्या पावसाच्या दिवसाबद्दल.

मंडईच्या मागच्या भिंतीला कितीतरी वर्षं ओल होती. लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार, लागून दगडाचे पापुद्रे सुटत होते. एका ठेकेदाराने पाहणी करून भिंत धोकादायक ठरवली होती आणि ती पाडून नवी बांधण्याचं अंदाजपत्रकही दिलं होतं. तुम्ही त्यावर सही केली नाहीत. मुसळधार पाऊस लागला त्या दुपारी छत्री घेऊन एकट्याच आलात आणि तासभर भिंतीकडे बघत उभ्या राहिलात. आमच्या खिडकीतून मी पाहत होतो. शेवटी राहवलं नाही म्हणून खाली आलो, तर तुम्ही वर बोट दाखवलंत. छपराची पन्हळ एका जागी चोंदली होती, तिच्यात हातभर रोपटं वाढलं होतं, आणि सगळं पाणी पन्हळीच्या काठावरून भिंतीवर उतरत होतं. ‘भिंतीचा काही दोष नाही हो,’ तुम्ही म्हणालात, ‘पाण्याला वाट द्यायची राहिली, एवढंच.’

त्या भिंतीशेजारी मी जन्म काढला. पाऊस पडताना तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

दुसरा गुन्हेगार निघाला सिमेंट. कधीकाळी कुणी तरी चांगल्या मनाने दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरून टाकल्या होत्या. चुन्याच्या दरजेतून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटमधून तशी पडत नाही. मग ती दगडातून वाट काढते, सोबतचे क्षार दगडाच्या छिद्रांत साकळतात आणि आतून दाब देऊन वरचा थर उडवतात. मजबूत म्हणून घातलेलं सिमेंट टिकलं आणि दगड झिजला. भरणा नेहमी दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे झीज होईल ती भरण्याची होईल, तो पुन्हा भरता येतो. हे तुम्ही नगरसेवकांना, गवंड्यांना आणि आम्हा बघ्यांना न कंटाळता किती वेळा समजावलंत!

यंत्र लावून दरजा कापू दिल्या नाहीत, कारण चकती घसरली की दगडाची कड जाते. हातोडी आणि बारीक छिन्नी, बस. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, विझवून पाण्याखाली मुरत ठेवली तेव्हा गल्लीत कुरकुर झाली की, किती दिवस लावणार? मुरलेला चुना तुम्ही मला थापीवर घेऊन दाखवलात. लोण्यासारखा, थापी उलटी केली तरी चिकटून राहणारा. भट्टीत चुनखडी भाजताना जो वायू उडून जातो तोच हा चुना हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो, हे ऐकताना अंगावर काटा आला होता. भरलेल्या दरजा उन्हाने तडकू नयेत म्हणून त्यावर ओलं गोणपाट टांगलं होतं. रोज सकाळी ते भिजवायला गल्लीतली पोरं धावायची. तुम्ही त्यांना हाकललं नाहीत, बादल्या दिल्यात.

चुन्यात हात बसलेले एक वयस्कर गवंडी तुम्ही शोधून आणलेत आणि त्यांच्या हाताखाली चार तरुण दिलेत. निविदेत तशी अट घालायला तुम्हाला वरपर्यंत खेटे घालावे लागले, हे आम्हाला नंतर कळलं. त्यातले दोघे आज वाचनालयाच्या भिंतीवर काम करतात.

कमानीतले तीन दगड बदलावेच लागले. ते नवे दिसतात, हे माझ्या डोळ्याला खुपलं; त्यांना काळपट रंग द्या, असं मी सुचवलं होतं. तुम्ही १९६४ च्या व्हेनिस सनदेचं, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय सनदेचं, नाव घेतलंत. बदललेला भाग बाकीच्या वास्तूशी मिळताजुळता हवा, पण जवळून पाहणाऱ्याला नवा म्हणून ओळखू यावा, नाहीतर पुढच्या माणसाची फसवणूक होते. तिन्ही दगडांच्या खालच्या अंगाला पाथरवटाने दुरुस्तीचं साल कोरलंय. कमानीखाली उभं राहून मान वर केली तरच दिसतं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवतो. माझं म्हणणं तुम्ही ऐकलं नाहीत, हे फार बरं झालं.

तुमच्यासोबत राबलेल्या सगळ्यांचेही आभार. अभिलेख कक्षातून मंडईचे मूळ नकाशे हुडकणारे कारकून, शिडी धरणारे आणि छपरावर चढणारे सफाई कामगार, यांची नावं कोनशिलेवर नाहीत.

जाताना तुम्ही एक जाड वही ठेवून गेलात. प्रत्येक पन्हळ, प्रत्येक उतारनळ, प्रत्येक झरोका, त्यापुढे तपासणीचा रकाना. ती वही आता पालिकेच्या विभागात असते आणि पावसाळ्याआधी आमच्यापैकी दोघं कर्मचाऱ्यांबरोबर छपरावर जातात. यंदा मी गेलो होतो. पन्हळीत मूठभर पालापाचोळा होता आणि त्याच जुन्या जागी बोटभर एक अंकुर. मुळासकट काढला, पाणी ओतून वाट मोकळी असल्याची खात्री केली, आणि तुमच्या अक्षराखाली तारीख घालून सही केली.

मागची भिंत कोरडी आहे, मॅडम.

आपला नम्र,
मंडईशेजारचा एक रहिवासी