कासाल्स यांच्या हातांविषयीही लिहा

मा. संपादक,
स. न.

स्पेनचे चेलोवादक पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) यांच्यावर (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले मोठे, बसून गजाने वाजवायचे वाद्य) मराठीत लेख आला की त्यात दोन गोष्टी हमखास असतात. तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका दुकानात त्यांच्या हाती जर्मन संगीतकार बाखचे सहा चेलो-सुइट (नृत्यांवर बेतलेल्या तुकड्यांच्या माळा) लागले ही एक, आणि १९३९ नंतर स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीमुळे ते परदेशातच राहिले ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. फक्त ते सुइट तोवर हरवलेले नव्हते. १८२० च्या दशकातच ते छापून निघाले होते. चेलोवादक त्यांचा उपयोग बोटे तयार करण्यापुरता करत, मैफलीत फार तर एखादा तुकडा वाजवत. कासाल्स यांनी सुमारे १२ वर्षे रियाज केल्यावर अख्खा सुइट श्रोत्यांपुढे मांडला. त्या रियाजात त्यांनी वाजवण्याची पद्धतच बदलली, आणि नेमके हेच लेखांत येत नाही.

उजव्या हातापासून सांगतो. त्या काळी गज धरताना कोपर अंगाला चिकटवून ठेवायला शिकवत, त्यासाठी काखेत पुस्तक धरायला लावत. दंड असा जखडला की पुढचा हात कोपराभोवती कमानीत फिरतो. गज टोकाकडे पोचेपर्यंत तारेशी काटकोन राहत नाही, तो घोडीपासून (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यापासून) घसरतो. मग वादक तर्जनीने दाब वाढवतो आणि आवाज घुसमटतो. कासाल्स यांनी दंड मोकळा केला. संपूर्ण हाताचे वजन गजावर येऊ दिले की तेवढाच आवाज कमी श्रमात निघतो.

डाव्या हाताचा प्रश्न अंतरांचा आहे. व्हायोलिनची वाजती तार सुमारे ३३ सेंटिमीटर, चेलोची सुमारे ६९. खालच्या पोझिशनमध्ये (तारेवर हात ठेवण्याच्या जागेत) व्हायोलिनवर पहिल्या बोटापासून चौथ्यापर्यंत पाच अर्धस्वर साडेसात सेंटिमीटरांत मावतात. चेलोवर तीनच अर्धस्वरांना जवळजवळ दहा सेंटिमीटर लागतात. त्यामुळे जुने वादक सतत हात सरकवत, आणि प्रत्येक सरकण्याबरोबर नको तिथे घसीट, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याचा आवाज, ऐकू येई. कासाल्स यांनी पहिले व दुसरे बोट फाकवून चार अर्धस्वर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरांच्या आसपास, एकाच जागेवरून घेण्याचा सर्रास वापर केला. घसीट उरली ती भावासाठी हवी तिथेच.

विद्यार्थ्यांचे हात दुखतात तेही इथेच. पुढे फाकताना अंगठा जुन्या जागी अडकून राहतो, मनगट वाकते, करंगळी आडवी पडते आणि स्वर उतरतो. अंगठा दुसऱ्या बोटाबरोबर पुढे जायला हवा, आणि स्वर घेऊन होताच हात परत मिटायला हवा. ताणलेला हात तसाच ठेवून पुढचे वाजवणे ही सर्वांत महाग पडणारी सवय.

आणखी एक गोष्ट. जाड तार उशिरा बोलते. एकाच गजात अनेक स्वर बांधले की त्यांच्या कडा पुसट होतात. म्हणून कासाल्स चढताना बोट तारांखालच्या पट्टीवर ठामपणे आपटत, उतरताना तेच बोट तार किंचित छेडून उचलत. सुरांबाबतही त्यांचा आग्रह होता की निषाद षड्जाकडे झुकतो तेव्हा तो पियानोच्या पट्टीपेक्षा जरा चढाच लागला पाहिजे. साथीला पियानो असला की हे बेताने करावे लागते, नाहीतर तो स्वर नुसता बेसूर वाटतो.

ऐकून पडताळायचे असेल तर १९३६ ते १९३९ दरम्यान लंडन आणि पॅरिस इथे झालेली सहाही सुइटांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. पहिल्या मुद्रणाच्या वेळी ते साठीला टेकले होते. तबकडीची एक बाजू साडेचार मिनिटांच्या आसपास, आणि जोडकाम करायची सोय नाही. एक स्वर बिघडला की पूर्ण बाजू पुन्हा. त्यामुळे काही खरखरीत जागा तशाच राहिल्या आहेत. तिसऱ्या सुइटचा प्रेल्यूड (सुरुवातीचा तुकडा) आधी ऐकावा. तो वरच्या षड्जापासून दोन सप्तके खाली उतरत सुरू होतो. उतरतानाही प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो तो त्या छेडून उचललेल्या बोटांमुळे.

आपला,
चेलो शिकवणारा एक वाचक