घड्याळ हात मोजते, पाय नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘रोज दहा हजार पावले चाला’ हा सल्ला नेहमी असतो. पण ती पावले मोजायची कशी, यावर कधी ओळ दिसत नाही. भूकरमापक म्हणून, म्हणजे जमीन मोजण्याची, नोकरी केलेल्या माणसाला हे खटकते, म्हणून हे पत्र.

आमचा भाग ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडचा, जंगलाला लागून. वाघामुळे पहाटे रस्त्याने फिरायला जाणे केव्हाच बंद झाले. मोहफुले, तेंदूपाने वेचायला पोटासाठी गेलेल्या माणसांचे जीव जातात, तिथे हौसेने फिरायला कोण निघेल? ऊन चढल्यावर जावे तर मे महिन्यात पारा ४५च्या पुढे. त्यामुळे शुगर-बीपीवाले आम्ही म्हातारे गावातल्या व्यायामशाळेत ट्रेडमिलवर चालतो.

मध्यंतरी एका संस्थेने ज्येष्ठांसाठी पावलांची स्पर्धा ठेवली. रोज रात्री पावले मोजणाऱ्या मनगटी घड्याळातल्या आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. आमच्या शेजारच्या वहिनींचा गुडघा दुखतो, त्यामुळे त्या समोरची दांडी धरून चालतात. त्यात लाइन गेली की पट्टा खाडकन थांबतो, मग दांडी सोडायची कोणाची छाती होणार! अर्धा तास घाम गाळून उतरल्या की घड्याळात पावले जेमतेम दोन-तीनशे. ‘‘भाऊजी, हे घड्याळ माह्ये पाय पाहतच नाही का जी?’’ असे त्यांनी विचारले, ते अगदी बरोबर होते. पहिला नंबर आला तो दिवसभर फटफटीवर गावोगाव हिंडणाऱ्या एका गृहस्थांचा. त्यात खड्ड्यांचाही थोडा वाटा असावा.

मनगटावरच्या घड्याळात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. हात लयीत पुढे-मागे झाला की तो पाऊल धरतो. दांडी धरली की मनगट स्थिर, पाय कितीही चालोत. चाल अगदी हळू असली तरी झोका लहान पडतो आणि पावले गळतात. जीपीएसचा इथे उपयोग नाही, कारण माणूस जागचा हलतच नाही. अंतर काढायचे ते हालचालीवरून आणि आपण भरलेल्या उंचीवरून, अंदाजाने. म्हणून मशीनचे किलोमीटर एक आणि घड्याळाचे दुसरेच.

मोजणीला निघण्याआधी आम्ही साखळी तपासून घ्यायचो. इथेही तेच करावे. पट्टा बंद असताना त्याची पूर्ण लांबी टेपने मोजावी, कडेला खडूची खूण करावी. मग एकाने चालावे आणि दुसऱ्याने मिनिटभर त्या खुणेचे फेरे मोजावेत. पट्टा २.८ मीटर आणि फेरे २५ असतील तर मिनिटाला ७० मीटर, म्हणजे ताशी ४.२ किलोमीटर. पडद्यावर यापेक्षा वेगळा आकडा असेल तर मशीनच खोटे बोलते आहे. त्याच मिनिटात चालणाऱ्याने आपली पावले तोंडाने मोजावी. शंभर भरली तर एक पाऊल ७० सेंटिमीटरचे, आणि अर्ध्या तासाची तीन हजार. घड्याळ काही का म्हणेना.

ज्यांचा तोल चांगला आहे त्यांनी दांडी सोडून, हात मोकळे हलवत चालावे. घड्याळात ट्रेडमिल किंवा इनडोअर वॉक निवडावे, उंची खरी भरावी, घड्याळ कोणत्या हातात आहे ते सेटिंगमध्ये सांगावे, घड्याळाचा पट्टा ढिला ठेवू नये. काही घड्याळांत चालून झाल्यावर मशीनचे अंतर भरून दुरुस्ती करता येते, तीही करावी. ज्यांना दांडी धरल्याशिवाय भागत नाही त्यांनी मनगटाचा नाद सोडून मोबाइल पॅन्टच्या खिशात ठेवावा; कमरेच्या हालचालीवर तो पावले बरीच नीट धरतो. वहिनींच्या लुगड्याला खिसा नाही, हा प्रश्न उरतोच. त्यांनी कमरेच्या पिशवीत मोबाइल घट्ट बांधला आणि आकडा एकदम हजारांत गेला. मात्र आकड्यासाठी दांडी सोडून कोणी पडू नये, खुब्याचे हाड मोडले तर ते फार महागात जाईल.

आणि दहा हजारांचा एवढा धाक कशाला? हा आकडा लोकांच्या तोंडी बसवला तो १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाने, टोकियो ऑलिम्पिकनंतरच्या हवेत. २०२२ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये १५ अभ्यास एकत्र करून मांडले गेले, त्यात साठीच्या पुढच्यांना मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा सहा ते आठ हजारांपर्यंत वाढत जातो आणि मग स्थिरावतो, असे दिसले. हे आपल्या पुरवणीत मोठ्या अक्षरात यावे.

स्पर्धा घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी घड्याळाचा फोटो मागू नका, चाललेली मिनिटे लिहिलेली वही मागा. सही हवी असेल तर व्यायामशाळेची किल्ली ज्याच्याकडे असते त्याची घ्या. आम्ही किती वाजता येतो नि जातो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर