जुन्या बलेनोचा आयडल बसवून देणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

नाव कुठं लिहू नको असं तुम्ही जाताना बजावलं होतं म्हणून लिहत नाही, पण आभार मानू नको असं काही म्हणाले नव्हते, त्यामुळं हे पत्र सगळ्यांसमोर लिहून राहिलो. तुमच्या तीन संध्याकाळींनी (खरं तर दोन संध्याकाळी आणि एक भर दुपार) आयडलची, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगानं नुसतं फिरत राहते त्याची, माझी दीड वर्षाची डोकेदुखी संपवली. आणि ज्यांची गाडी अशीच डुलत असेल त्यांनाही हे वाचून थोडा उपयोग व्हावा.

गाडी म्हणजे बाबांची जुनी बलेनो, १.६ ची, सोळा व्हॉल्व्हवाली. कॅम रिग्राइंड करून ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडे राहायची वेळ) वाढवलं, मोठे इंजेक्टर टाकले, हेडर (एग्झॉस्टचे मोकळे पाईप) बसवला, स्टँडअलोन ईसीयू (स्वतः सेट करायचा इंजिनचा कॉम्प्युटर) लावला. वर ४००० आरपीएमच्या पुढं गाडी मस्त पळायची, त्यात वाद नाही. पण नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा काटा ७५० वरून १५००, परत ७५०, परत १५००, आणि मे महिन्यात एसी लावला की सरळ बंद. आईला घेऊन मेडिकलला (सरकारी दवाखान्यात) जाताना तीनदा बंद पडली त्या दिवशी मी गाडी विकायचंच ठरवलं होतं.

त्याआधी जिथं जिथं दाखवली तिथं एकच इलाज झाला, थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू अजून थोडा आत. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मी स्वतः लॅपटॉप घेऊन फ्युएलच्या टेबलात रोज आकडे बदलत बसायचो, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत, आणि सकाळी इंजिन थंड असलं की सगळं वेगळंच दिसायचं.

तुम्ही आले आणि लॅपटॉप उघडूच दिला नाही. पाच मिनिटं नुसतं ऐकत उभे राहिले. मग इनटेकचा रबर पाईप काढला, थ्रॉटल बॉडीच्या तोंडात आयएसीचं (आयडलची हवा कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचं) जे भोक असते त्यावर अंगठा दाबला, आणि मला म्हणाले, काटा पाह्य. काटा १२०० च्या खाली आलाच नाही. आयएसीची हवा पूर्ण बंद आणि तरी १२००, म्हणजे हवा दुसरीकडून जाऊन राहिली, एवढं सोपं होतं ते, आणि दीड वर्षात मला सुचलं नव्हतं.

दुसरीकडून म्हणजे दोन ठिकाणांहून. एक तो स्क्रू. इतका आत घातलेला की थ्रॉटल कधी पूर्ण बंदच होत नव्हता आणि टीपीएसचा (थ्रॉटल किती उघडा ते सांगणाऱ्या सेन्सरचा) आकडा १.८ ते २.३ टक्क्यांच्या मध्ये हलत राहायचा. ईसीयूमध्ये आयडलची हद्द २ टक्के, त्यामुळं ईसीयूला एका क्षणी वाटे पाय काढलाय, दुसऱ्या क्षणी वाटे पाय ठेवलाय. दुसरं ठिकाण तिसऱ्या इंजेक्टरची खालची ओ-रिंग. मी कार्ब क्लीनरचा डबा घेऊन आलो तर तुम्ही हातातून काढून घेतला, गरम हेडरजवळ हे मारायचं नाही म्हणाले, आणि झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्यानं थोडं थोडं पाणी मारत गेले. तिसऱ्यावर पाणी पडलं आणि इंजिनचा आवाज एकदम बदलला. ती रिंग तुम्ही माझ्या तळहातावर ठेवली होती, एका बाजूनं चपटी आणि बारीक चिरलेली. अजून जपून ठेवली आहे.

दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तुम्ही म्हणाले, "पहिले सगळ्यांचे हात बांधून टाक, मग पाहू कोण कोणाशी भांडून राहिलं." लॅम्बडाचं क्लोज्ड लूप (एग्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून पेट्रोल आपोआप कमीजास्त करणं) बंद, आयएसी एका जागी फिक्स, टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते) १५ डिग्रीवर लॉक, ओव्हररन फ्युएल कट (पाय काढल्यावर पेट्रोल तोडणं) बंद. आणि काटा थांबला! थोडा थरथरत होता, कॅमचा तो धडधड आवाज होताच, पण वरखाली पळणं बंद. मग एकेकाचा हात सोडत गेलो. कट १४०० ला लागत होता, म्हणजे काटा वर गेला की पेट्रोल बंद, खाली पडला की पेट्रोल सुरू आणि आयएसी घाबरून पूर्ण उघडी, की परत वर. तो कट १९०० वर नेला आणि थोडा उशिरा लागेल असं केलं तिथंच अर्धं भांडण मिटलं.

क्लोज्ड लूप मात्र तुम्ही आयडलला सुरू करूच दिलं नाही. मोठ्या ओव्हरलॅपच्या (आतला-बाहेरचा व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडा ठेवणाऱ्या) कॅमला आयडलवर न जळलेली हवा सरळ एग्झॉस्टमध्ये जाते, सेन्सरला ती ऑक्सिजन दिसते आणि तो मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) म्हणून सांगतो, मग ईसीयू पेट्रोल ओतत राहते. हे मी वाचलं होतं पण समजलं तेव्हा, जेव्हा वाइडबँड सेन्सर लीन दाखवत होता आणि एग्झॉस्टच्या वासानं डोळे चुरचुरत होते. शेवटी लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ०.९२ च्या आसपास ठेवून, आकड्यापेक्षा मॅप (इनटेकमधला दाब) किती स्थिर राहते ते पाहून टेबल भरलं. मॅप ५२ वर स्थिरावला आणि टेबलातले त्याच्या आजूबाजूचे सेल तुम्ही जवळजवळ सारखेच ठेवले, म्हणजे काटा जरा हलला तरी मिक्श्चर उडी मारत नाही.

टायमिंगचं तर मला नवलच वाटलं. ९५० ला १४ डिग्री, ७५० ला २०, ११५० ला ९. खाली पडायला लागली की टायमिंग स्वतःच वर उचलते, वर गेली की दाबते, आणि हे आयएसीपेक्षा कितीतरी लवकर होते कारण पुढच्याच ठिणगीला फरक पडते. आयएसीला मग फक्त सावकाशीचं काम उरलं.

फॅन लागला की गाडी का अडखळते तेही तुम्हीच पकडलं. व्होल्टेज १३.८ वरून १२.४ वर यायचं आणि माझ्या इंजेक्टर डेड टाइमच्या (इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या वेळेच्या) टेबलात सगळ्या व्होल्टेजला एकच आकडा होता. व्होल्टेज कमी की इंजेक्टर उशिरा उघडते, तेवढं पेट्रोल कमी. आयडलला पल्सच इतकी छोटी की तेवढ्यानंही गाडी मरते. लाइट, फॅन, मागची काच, एकेक लावत तो आकडा तुम्ही धीरानं बसवला.

आणि तिसऱ्यांदा मुद्दाम दुपारी अडीचला बोलावलं, बाहेर ४४ डिग्री. गाडी गरम करून वीस मिनिटं उन्हात उभी केली, सुरू केली की लीन होऊन धाप लागल्यासारखी करायची. हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डवर बसून तापला होता, ईसीयूला वाटे हवाच इतकी गरम आहे, म्हणून पेट्रोल कापे. सेन्सर फिल्टरजवळच्या पाईपात नेला. घामानं तुमचा शर्ट पूर्ण ओला झाला होता आणि तुम्ही सावलीत यायला तयार नव्हते, भाऊ.

पैसे घेतले नाहीत. तर्री पोह्याची एक प्लेट, तीही अर्धी मला देऊन. काल आईला घेऊन परत मेडिकलला गेलो, एसी लावून, व्हरायटी चौकात दोन सिग्नल उभे राहिलो, काटा ९५० वर. आईनं विचारलं नवीन इंजिन टाकलं काय.

डिसेंबरच्या थंडीतल्या सकाळचं कोल्ड स्टार्टचं टेबल अजून बाकी आहे. तेव्हा या. लॅपटॉप मी चालवतो, तुम्ही फक्त बाजूला बसा आणि चुकलो की हात धरा.

तुमचा,
बलेनोवाला, सक्करदरा