सुटकेची खबर

लुईव्हिल, केंटकी
१२ ऑक्टोबर

प्रिय शालू,

तुझं पत्र मिळालं. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये जामिनाच्या सुनावणीची नोटीस तुझ्या अशिलाला मिळालीच नाही, म्हणून चार पानं भरून त्रागा केला आहेस. पीडिताला नोटीस द्यायलाच हवी सांगणारं त्या कायद्यातलं कलम १५अ मला पाठ झालं आता! शेवटी विचारलंस, ‘तिकडे म्हणे सगळं आपोआप होतं, मग तू लोकांना शिकवतेस तरी काय?’ त्याचं उत्तर एका ओळीत मावणारं नाही.

आरोपी सुटला की पीडिताला कळवायचं हे काम सुरू झालं तेच या गावात. मेरी बायरन इथली मुलगी. तिच्यावर बलात्कार केल्याच्या आरोपाखाली तिचा पूर्वीचा मित्र अटकेत होता. तो जामिनावर सुटला आणि तिला कुणी कळवलंच नाही. ६ डिसेंबर १९९३ ला, तिच्या २१ व्या वाढदिवशी, ती कामावरून निघून गाडीत बसली असताना त्याने तिच्यावर गोळ्या झाडल्या. तिच्या आईवडिलांनी विषय लावून धरला आणि १९९४ मध्ये या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, आरोपी सुटला की पीडिताला आपोआप फोन जाईल अशी यंत्रणा उभी राहिली. तिचं नाव व्हाइन. आता ती बहुतेक राज्यांत आहे. इथल्या केंद्र सरकारच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांसाठी वेगळी यंत्रणा आहे, आणि २००४ च्या कायद्याने अशा खटल्यांतल्या पीडितांना सुनावणीची, पॅरोलची, सुटकेची किंवा पलायनाची खबर अचूक आणि वेळेवर मिळण्याचा हक्कच दिला.

वरवर पाहिलं तर सोपं आहे. पीडिताने नाव-नंबर नोंदवायचा, चार आकडी पिन ठरवायचा. तुरुंगाच्या संगणकात कैद्याची नोंद बदलली की फोन वाजतो, आणि पिन दाबेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजत राहतो. पैसे पडत नाहीत, आरोपीला पत्ता लागत नाही.

पण रात्री अडीच वाजता यंत्राचा आवाज सांगतो, ‘अमुक कैदी आता कोठडीत नाही.’ पुढे काय करायचं त्या बाईने? दाराला कडी आहे का, मुलांना घेऊन कुठे जायचं, संरक्षण आदेशाची प्रत कुठे ठेवली आहे, पोलिसांना फोन करून नेमकं काय सांगायचं, हे सगळं नोंदणीच्या दिवशीच तिच्याशी बोलून ठरवायला हवं. कार्यकर्त्यांसाठीच्या माझ्या शिबिराचा निम्मा वेळ यातच जातो. बटणं कुठली दाबायची ते कुणीही तासाभरात शिकतं.

कार्यकर्त्यांना मी आधी प्रश्न विचारायला शिकवते. हा नंबर फक्त तुमचाच आहे का? फोन आणखी कोण उचलतं? त्याच्या घरचं कुणी तुमच्याबरोबर राहतं का? व्हॉइसमेल कोण ऐकतं? नवऱ्याच्या नावावरच्या फोनवर नवऱ्याच्याच सुटकेचा निरोप गेला तर काय होईल, ते तुला सांगायला नको. आणि काही जणींना काहीच कळायला नको असतं. नव्या कार्यकर्त्यांना हे पटता पटत नाही, हातात फॉर्म असला की तो भरून घ्यायची घाई असते. ‘नको’ म्हणणाऱ्या बाईला मोकळेपणाने ‘बरं’ म्हणायचं, पुढे कधी वाटलं तर दार उघडं आहे एवढं सांगायचं, याचा आम्ही चक्क सराव करून घेतो.

एक गोष्ट वकील म्हणून तुला रुचेल. काउंटीच्या जेलमधून कैदी राज्याच्या तुरुंगात गेला की कित्येक ठिकाणी नव्याने नोंदणी करावी लागते. बाईला वाटतं, एकदा नाव दिलं म्हणजे जन्माचं झालं. शिवाय ‘हलवलं’ आणि ‘सोडलं’ यांतला फरक घाबरलेल्या माणसाच्या कानाला कळत नाही. इस्पितळात नेलं तरी तिला वाटतं, सुटला.

म्हणून माझा हट्ट असतो की शिबिरात जेलचा नोंद करणारा कारकून हवाच. वरिष्ठ कुरकुरतात, ‘त्याचा काय संबंध?’ सगळा संबंध त्याचाच! पाळी संपता संपता त्याने सुटकेचा कोड चुकून दुसऱ्याच कैद्यापुढे टाकला की कुणाच्या तरी घरी विनाकारण फोन खणखणतो. किंवा सुटका झाली आणि नोंद सकाळपर्यंत राहून गेली, तर फोन वाजतच नाही, आणि हे जास्त वाईट. बहुतेकांना आपल्या एका बटणाने कुणाची झोप उडते याची कल्पनाच नसते. मी त्यांना तो निरोप स्पीकरवर ऐकवते, मग यंत्रणा बंद पडली तर हाताने फोन कुणी करायचे त्यांची यादी त्यांच्याकडूनच लिहून घेते.

पैशाचं विचारलंस. पीडितांसाठीचा इथल्या केंद्र सरकारचा निधी १९८४ च्या कायद्याने उभा झाला. तो मुख्यतः गुन्हेगारांच्या दंडातून भरतो, करातून नाही. ऐकायला न्याय्य वाटतं, पण दंड कमी जमला की आमच्यासारख्यांच्या शिबिरांना कात्री लागते.

आता तुझ्याकडचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ ने तपास कुठवर आला ते ९० दिवसांत पीडिताला कळवायचं बंधन पोलिसांवर आलंच आहे. तू अर्ज करणार आहेस तो जरूर कर. पण नुसतं ‘नोटीस पाठवली’ एवढ्यावर कोर्टाला समाधान मानू देऊ नकोस. कुणाच्या हातात दिली, तिला वाचता येते का, सुनावणीच्या किती आधी, हे विचार. आणि तालुक्याच्या मुलींचं शिबिर घेणार असशील तर पोलीस ठाण्यात कागद लिहिणाऱ्या हवालदारालाही बोलाव. फोन नंबरांविषयीचे आमचे प्रश्न मी मराठीत करून पाठवते, तुझ्याकडच्या घरांना लागू नसतील ते खोडून टाक. तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे मला इथली रजा आधीच टाकता येईल.

तुझी,
मंदा